बदली गडी

मी आमच्या शाळेत आलो तो बदली म्हणून. एक गुरुजी लांबच्या रजेवर गेले होते आणि त्यांच्या वर्गात सहा महिने कुणीतरी उभे राहायला हवे होते. मी मॅट्रिक. पुढचे शिक्षण जमले नाही. पण वाचनाचा नाद होता, अक्षर वळणदार होते, आणि शाळा विनाअनुदानित असल्यामुळे पगाराचा आकडा ऐकून दुसरे कुणी फिरकले नव्हते. ते गुरुजी परत आले नाहीत आणि मीही उठलो नाही. या गोष्टीला आता वीस वर्षे होत आली. मध्यंतरी दोन कादंबऱ्या छापून झाल्या, कानशिले पांढरी झाली. तरी मस्टरवर सही करताना अजून कधीकधी वाटते, की दारातून ते गुरुजी आत येतील आणि म्हणतील, 'उठा, झाले तुमचे.'

म्हणूनच की काय, बदली या शब्दापाशी मी जरा जास्त रेंगाळतो. कलेक्टरची बदली होते, मास्तरांची होते, तशीच मैदानावर गड्याचीही होते. पहिल्या दोहोंना सरकारी कागद लागतो, त्या होऊ नयेत म्हणून मुंबईपर्यंत खेटे घालता येतात. तिसरीला तीस सेकंद पुरतात आणि तिच्यावर अपील नाही.

शाळेत खेळाचे शिक्षक नव्हते. मुख्याध्यापकांनी एकदा माझ्याकडे खालून वर पाहिले आणि म्हणाले, 'तुम्ही उंच आहात, कबड्डी तुम्हीच घ्या.' कबड्डीत उंचीचा काय उपयोग असतो हे मला तेव्हा कळले नाही आणि आजही फारसे कळलेले नाही. मी स्वतः शाळेत असताना संघात होतो, पण बारावा. बाराजणांचा संघ, त्यातले सात मैदानात आणि पाच राखीव. त्या पाचांतला मी पाचवा. तीन वर्षांत एकूण दोनदा मैदानात उतरलो, आणि त्यातल्या एका वेळी सामन्याचा निकाल केव्हाच लागून गेला होता. बाहेर बसून मी एक गोष्ट मात्र शिकलो. मैदानावरचे सात जण चेंडूसारखे समोरच्या चढाईपटूकडे बघत असतात. राखीव गडी बघतो ते गुरुजींच्या तोंडाकडे. आमचे गुरुजी तपकीर ओढायला डबी काढत तेव्हा आम्ही पाचही जण ताठ बसायचो, कारण बदली करायची झाली की ते आधी चिमूट घेत.

कबड्डीच्या बदलीचा नियम मोठा गमतीचा आहे. ज्यांनी हा खेळ केवळ पाहिला आहे, त्यांच्या ध्यानात तो बहुधा आलेला नसतो. जो गडी बाद होऊन बाहेर बसला आहे, त्याच्या जागी राखीव गडी घेता येत नाही. त्याला आधी आत यावे लागते. आपल्या बाजूने समोरचा गडी मारला, म्हणजे आपला एक जिवंत होतो, तोही ज्या क्रमाने बाद झाले त्याच क्रमाने. तेव्हा ज्याच्या हातून चूक झाली, जो वेडेपणाने उडी घेऊन बाद झाला, त्याला गुरुजी बदलू शकत नाहीत. बदलता येतो तो जो मैदानात अजून उभा आहे तो. शिक्षा म्हणून बदली करण्याची सोयच या खेळाने ठेवलेली नाही. हे ज्याने ठरवले तो मनुष्य शहाणा असला पाहिजे असे मला पुष्कळ दिवस वाटत असे. आता तितके वाटत नाही. त्याचे कारण पुढे येईल.

आमच्या आजोबांच्या काळी हा हुतुतू गावोगाव निरनिराळा होता. संजीवनी, गामिनी, अमर असे त्याचे प्रकार. गामिनीत बाद झालेला गडी सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेरच. अमरमध्ये कुणी बाहेर जायचेच नाही, फक्त गुण मोजायचे. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या मंडळींनी १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी हा खेळ परदेशात दाखवला. १९९० च्या बीजिंग आशियाई स्पर्धेपासून त्याला पदक मिळू लागले. एवढ्या वाटचालीत मागे राहिली ती संजीवनीच. मेलेला जिवंत होतो, हे आपल्या लोकांना आवडले असावे.

आता थोडे रग्बीबद्दल. नांदेड जिल्ह्यातल्या मास्तराने रग्बीबद्दल लिहावे हे विचित्र खरे, पण तो दोष माझ्या भाच्याचा. तो पुण्याला नोकरीला असतो. २०२३ साली दसऱ्याला घरी आला आणि एका रात्री साडेबाराच्या सुमारास माझ्या खोलीत मोबाईलचा उजेड पाडून बसला. पॅरिसमध्ये दक्षिण आफ्रिका आणि इंग्लंड यांचा विश्वचषकाचा उपान्त्य सामना चालला होता. मला खेळ कळत नव्हता. पंधरा पंधरा दांडगे पुरुष एका लांबट चेंडूसाठी चिखलातल्या रेड्यांसारखे एकमेकांना रेटत होते. मी कुशीवर वळणार तोच भाचा म्हणाला, 'मामा, बघा, याला काढला!' अर्धा तासही जेमतेम झाला होता. आफ्रिकेचा दहा नंबरचा गडी, मॅनी लिबॉक, मैदानातून बाहेर येत होता आणि त्याच्या जागी हँड्रे पोलार्ड आत जात होता. पाय मोडला नव्हता, रक्त नव्हते. पावसात त्याच्या संघाचे काही जमत नव्हते एवढेच. मी उठून बसलो.

मग रात्रभर मी भाच्याला प्रश्न विचारले. या लोकांचे राखीव आठ. १९६८ पूर्वी त्यांच्या आंतरराष्ट्रीय सामन्यात गडी जायबंदी झाला तरी त्याच्या जागी दुसरा मिळत नसे, उरलेल्या चौदांनी रेटायचे. आणि धडधाकट गडी डावपेच म्हणून बदलायची मुभा मिळाली ती १९९६ पासून. आता गुरुजी मैदानाच्या कडेला बसतच नाहीत. ते वर, काचेच्या खोलीत, कानाला यंत्र लावून बसतात. प्रत्येक गड्याच्या सदऱ्यात दोन खांद्यांच्या मधोमध एक डबी असते. तो किती धावला, कुठे मंदावला ते त्या डबीमुळे वर समजते. पुढच्या फळीतले जे तिघे रेटारेटीत मान घालतात, ते पुरी ऐंशी मिनिटे टिकत नाहीत. पन्नास मिनिटे झाली की ते कुठे चुकले म्हणून नव्हे, तर तसे आधीच ठरलेले म्हणून बाहेर येतात. त्यांच्या जागी त्याच कामाचा शिकवलेलाच गडी लागतो. दुसरा कुणी मान घालील तर मोडून घेईल. या आफ्रिकेच्या गुरुजींनी, रासी इरास्मस आणि जाक नीनाबर यांनी, राखीव आठांचा विचारच निराळा मांडला होता. लोक राखीव ठेवतात ते कुणी पडला तर असावा म्हणून. यांनी आपली निम्मी ताकद बाकावर बसवली आणि समोरचे दमले की ती सोडायची असे ठरवले.

त्या रात्री एकोणसत्तराव्या मिनिटापर्यंत इंग्लंड पंधरा आणि हे सहा. मग बाकावरून आलेल्या एका धिप्पाडाने चेंडू रेषेपार नेला आणि बाकावरून आलेल्या पोलार्डने शेवटच्या दोनतीन मिनिटांत लांबून चेंडू दांड्यांच्या मधून मारला. सोळा-पंधरा. भाचा ओरडला, आमच्या शेजारचे कुत्रे भुंकायला लागले. मी मात्र विचारले, 'अरे, तो पहिला? त्याचे काय?' भाच्याला प्रश्नच कळला नाही. पुढच्या शनिवारी अंतिम सामना झाला, न्यूझीलंड अकरा आणि आफ्रिका बारा. तेवीस जणांच्या यादीत लिबॉकचे नाव नव्हते. गुरुजींचा निर्णय बरोबर होता, हे साऱ्या जगाने पाहिले.

मीही एकदा असाच बरोबर ठरलो आहे.

ते साल २०१६. त्या वर्षी उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, आणि नंतर पाऊस असा पडला की मांजरा धरण भरले. आमच्या सतरा वर्षांखालच्या पोरांनी तालुका मारला, जिल्हा मारला आणि दिवाळीच्या तोंडावर आम्ही विभागीय स्पर्धेसाठी लातूरला निघालो. पहाटेची एस. टी. लोहा, माळाकोळी, अहमदपूर, चाकूर. दोनच दिवसांपूर्वी अहमदाबादला भारताने इराणला अडतीस-एकोणतीस असे हरवून कबड्डीचा विश्वचषक घेतला होता आणि मध्यंतराला भारत मागे होता, हे पोरे एकमेकांना पुन्हा पुन्हा सांगत होती. अजय ठाकूरची उडी कशी होती ते दाखवताना एकाने कंडक्टरच्या पोटात लाथ घातली.

लातूरला सामने मॅटवर होते. आमची पोरे काळ्या मातीत वाढलेली. मॅटवर बूट लागतात. नांदेडला वजिराबादेत जाऊन मी वर्गणीतून बूट घेतले होते. पैसे आठ जोडांचेच झाले. त्यातला एक जोड दुकानदाराने घाईत नऊ नंबरचा बांधून दिला, तो कुणाच्याच पायाला येईना. म्हणजे बारा पोरे, सात जोड. बदली करायची तर बाहेर येणाऱ्याने बूट काढून आत जाणाऱ्याला द्यायचे. रग्बीचे गुरुजी खांद्यांमधली डबी बघतात. मी पायाचे नंबर पाठ केले होते. कोण सहा, कोण सात, कोण आठ. पाचही राखीवांची नावे मला त्या आकड्यांनीच आठवत. हसण्यासारखेच आहे, पण त्या दिवशी मी हसत नव्हतो.

दुसरा सामना. दोन मिनिटे उरली आणि आम्ही चोवीस, ते पंचवीस. माझे तीन गडी बाहेर बसलेले, आणि तिघेही चढाई करणारे. आत चौघे होते, चौघे पकडीचे: उजव्या कोपऱ्यात कप्तान, मधली दोघांची साखळी आणि डाव्या कोपऱ्यात तो. त्याचे नाव लिहीत नाही. तो सबंध सामन्यात एकदाही बाद झाला नव्हता. पाय धरायचा तर त्यानेच. समोरच्याचा घोटा त्याच्या हातात आला की जात्याचा खुंटा धरल्यासारखा. समोर सात गडी उभे होते. सहा किंवा अधिक गडी असले म्हणजे बोनसची रेषा चालू असते. तेव्हा आम्हाला मारामारी नको होती, एक हलका, चपळ पोरगा हवा होता, जो पाय टाकून रेषेपलीकडे टेकवील आणि परत येईल. असा एक राखीवात होता, नववीतला. नंबर सात. मी हात वर करून वेळ मागितली. तो माझा शेवटचा टाइम होता.

कुणाला काढावे? कप्तानाला नाही. साखळीतला एक काढला तर उरलेला निकामी. राहिला डावा कोपरा. शिवाय त्याच्या पायातला बूटही सातच नंबरचा. हे सारे मी सांगितले तर कुठलाही जाणता म्हणेल, बरोबर आहे. मी त्याला खूण केली. तो आधी मागे वळून बघू लागला, की खूण कुणाला आहे. मग आला, खाली बसला, नाडी सुटेना तेव्हा दातांनी गाठ सोडली आणि बूट त्या नववीच्या पोराच्या पुढे सरकवले. आत ऊब होती, असे ते पोरगे मला नंतर म्हणाले.

त्याने पहिल्या चढाईत बोनस घेतला. पंचवीस-पंचवीस. त्यांची चढाई मोकळी गेली. आमच्या दुसऱ्या चढाईत पुन्हा बोनस. बोनसने गुण मिळतो, गडी जिवंत होत नाही. आमचे तिघे बाहेर बसून ओरडतच होते. त्यांची शेवटची चढाई त्या रिकाम्या डाव्या कोपऱ्यातच आली. माझा श्वास अडकला. पण कप्तान धावून आला, चढाईपटू बिचकून परतला, शिटी झाली. सव्वीस-पंचवीस. नांदेडकडचे एक जुने क्रीडाशिक्षक उठून आले आणि त्यांनी माझा हात हातात घेतला. 'डोके आहे तुम्हाला,' म्हणाले. उंचीनंतर माझ्या अंगचा हा दुसरा गुण कुणीतरी हेरला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही एका लोणाने आणि वर चार गुणांनी हरलो आणि परतीची गाडी धरली. अहमदपूरच्या स्टँडवर चहा घेताना तो माझ्याजवळ येऊन उभा राहिला. कपात बघत म्हणाला, 'सर, मी कुठं बाद झालतो?'

'अरे, म्हणजे?'

'मंग मला कामून काढलाव?'

मी म्हणालो, 'बुटाचा नंबर जुळला ना रे तुझा.' तो 'हां' म्हणाला. कप त्याने धुऊन ठेवला. गाड्यावरचा माणूस नको नको म्हणत होता तरी.

बुटाचे कारण खरे होते. बोनसचेही खरे होते. पण तेवढेच नव्हते. जाताना बसमध्ये तो माझ्या शेजारी बसला होता आणि मध्येच म्हणाला होता, 'दिवाळी झाली की आम्ही जाणार, सर. बापानं उचल घेतलीय.' ऊसतोडीला. कोयता म्हणजे दोघे जण, नवरा आणि बायको. एक तोडतो, एक मोळी बांधतो. त्याची आई त्या पावसाळ्यापासून अंथरुणावर होती. उचल तर जोडीची घेतलेली. तेव्हा आईच्या जागी तो. कारखाना कर्नाटकात, परत यायचे म्हणजे चैत्र. राज्याच्या स्पर्धा दिवाळीनंतर, आणि त्याची दहावीची परीक्षा मार्चात.

त्या तीस सेकंदांत हे माझ्या मनात होते. मी मनाशी म्हटले: हा तर जाणारच आहे. नववीतला पोरगा पुढे राहील, त्याला सवय होऊ दे. सामना शेवटच्या मिनिटांत असताना माणूस इतका दूरचा विचार करतो का, असे कुणी विचारील. करतो. एका क्षणात करतो, आणि स्वतःला पत्ता लागू देत नाही. कादंबरी लिहिताना मी असली माणसे पुष्कळ रंगवली आहेत. त्यांची मने उलगडून दाखवायला मला पानेच्या पाने लागतात. माझे मन मला अहमदपूरच्या स्टँडवर, त्याने कप धुऊन ठेवला तेव्हा दिसले.

आणि एवढ्यावर थांबले असते तरी चालले असते. खेळातली बदली ती काय, आज काढला, उद्या घेतला. लातूरला जाण्याआधी मी ठरवले होते की परत आल्यावर त्याच्या बापाला भेटायचे. मुकादम ओळखीचा होता. दुसरे कुणी जोडीला मिळते का पाहायचे, पोरगा मावशीकडे ठेवता येतो का विचारायचे. होईलच असे नव्हते. उचल फिटल्याशिवाय सुटका नसते हे मलाही ठाऊक आहे. पण जाऊन बोलायला काय हरकत होती? मी गेलो नाही. दिवाळीच्या सुटीत कादंबरीची प्रुफे आली होती. आणि खरे सांगायचे तर माझ्या यादीत त्याच्या जागी दुसरे नाव आले होते. सुटीनंतर शाळा उघडली, हजेरीत मी त्याचे नाव घेतले, कुणीतरी म्हणाले, 'गेला सर,' आणि मी पुढचे नाव घेतले. मार्चची परीक्षा त्याने दिली नाही.

आमच्या लातूर जिल्ह्यातल्या रामलिंग मुदगडच्या हरिश्चंद्र बिराजदारांनी १९७० साली एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत कुस्तीचे सुवर्णपदक मिळवले. कुस्ती मला त्यासाठी आवडते. आखाड्यात एकदा उतरला की त्याला कुणी बाहेर बोलावत नाही. चीत होईल नाही तर करील. पण शाळेत कबड्डी आहे, आणि माझ्याकडे कबड्डीच आहे.

गेल्या वर्षी लोह्याच्या स्टँडवर तो भेटला. मीच ओळखले नाही. त्याने वाकून नमस्कार केला तेव्हा हातांवरून ओळखले. आता तो उसाचा ट्रॅक्टर चालवतो. आई वारली. एक मुलगी आहे, अंगणवाडीत जाते. मला त्याने उसाचा रस पाजला आणि पैसे देऊ दिले नाहीत. मी म्हटले, आज सांगून टाकू. लातूरचे, बुटांचे नव्हे ते दुसरे, आणि दिवाळीचेही. शब्द जुळवत होतो तोच त्याने विचारले, 'कबड्डी घेताव का अजून?'

'घेतो की.'

'डाव्या कोपऱ्यात कोण हाय?'

मी नाव सांगितले. कुणाचा, कुठल्या वाडीचा, त्याने विचारून घेतले. धरतो कसा, घोट्याला की मांडीला, तेही विचारले. मग म्हणाला, 'बूट हायत का पोरांला?'

'बारा जोड आहेत आता. ज्याचे त्याला.'

'बाराच्या बारा?' तो हसला. ग्लासातला बर्फ त्याने जमिनीवर ओतला. नांदेडची गाडी लागली होती. कंडक्टरने घंटी दिली. त्याने माझी पिशवी खिडकीतून आत देऊन जागा धरली आणि गाडी हलेपर्यंत खिडकीखाली उभा राहिला.